पुण्यात तुमचं कोणी आहे का

पुणे,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. विजयमाला आत्यांस,
अपेक्षाचा नमस्कार.

माझं नाव वाचून तुम्हाला काही आठवणार नाही, कारण आपली भेटच झालेली नाही. मी तुमच्या धाकट्या भावाची, उत्तरेश्वरची मुलगी. माझ्या पाठीवर साई. आम्ही स्वारगेटच्या मागच्या वस्तीत राहतो. बाबा शाळेच्या बसवर ड्रायव्हर आहेत, आई दोन घरी स्वयंपाक करते. मी गेल्या वर्षी बी.ए. झाले. घरात पहिलीच, त्यामुळे आई पाहुण्यांना चहाच्या आधी ते सांगते. सध्या बुधवार पेठेत एका पुस्तकांच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक नसलं की वाचायला मिळतं, हा त्या नोकरीतला सगळ्यात मोठा फायदा.

तुमची तब्येत कशी आहे? आणि चांदकाकांची? त्यांना काय म्हणायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही, म्हणून काका लिहिते. चुकलं तर सांगा.

तुमचा पत्ता आईकडून मिळाला. आजी वारली तेव्हा तुम्ही औशाला आला होतात आणि अंगणातूनच तुम्हाला परत जावं लागलं. तेव्हा आई पाण्याचा तांब्या घेऊन तुमच्या मागे स्टँडपर्यंत आली होती, आठवतं का? त्या दिवशी तिने खडकीचा पत्ता विचारून घेतला आणि इतकी वर्षं पाठ ठेवला. बाबांसमोर मात्र कधी उच्चारला नाही. गेल्या महिन्यात भाजी निवडता निवडता मला तो सांगितला, घर क्रमांकासकट.

आता मुद्द्याचं. साई येरवड्याच्या तुरुंगात आहे. संक्रांतीनंतरच्या आठवड्यापासून.

आमच्या समोरच्या घरात कचरूदादा आणि शालूवहिनी राहतात. कचरूदादा मार्केट यार्डात हमाली करतात. दारात गाडी लावण्यावरून त्यांचं आणि साईचं वाजलं. साई गॅरेजमधून तसाच आला होता, हातात पाना होता. त्याने तो मारला आणि कचरूदादांचं मनगट मोडलं. त्याने मारलं हे खरं आहे. मी ते कोणापासून लपवत नाही. पान्याने मारल्यामुळे कलम मोठं लागलं. अशा कलमात पोलीस ठाण्यातून सुटका होत नाही, जामीन कोर्टाकडे मागावा लागतो.

आत्या, खरं सांगू? जामीन म्हणजे काय हे मला तोवर माहीतच नव्हतं. मला वाटायचं, ज्याचा गुन्हा छोटा किंवा ज्याची बाजू खरी त्याला जामीन. आम्हाला सरकारकडून मिळालेल्या वकील नम्रताताई आहेत. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगायला लागले की साई मनाने किती चांगला आहे, माझ्या परीक्षेच्या वेळी रोज कॉलेजपर्यंत सोडायला यायचा. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, "मन ठेवायला जागा नाही माझ्या फाइलमध्ये. त्याने मारलं की नाही हे कोर्ट खटल्यात बघेल. आज प्रश्न एवढाच आहे की खटला चालेपर्यंत हा कुठे असेल आणि काय करेल."

तेव्हापासून मला या गोष्टीचं कुतूहलच लागलंय. तारीख असली की मी लवकर जाऊन शिवाजीनगर कोर्टात मागच्या बाकावर बसते आणि दुसऱ्यांचे जामीन ऐकते. किती वेगळाच हिशोब असतो हा. माणूस पळून जाईल का? साक्षीदारांना धमकावेल का? पुन्हा तेच करेल का? उद्याचं असं कोण सांगू शकतं? पण न्यायाधीश साहेबांना सांगावंच लागतं, तेही पाच-दहा मिनिटांत. म्हणून ते माणसाला इथे काय बांधून ठेवतंय ते शोधतात. एका मुलाच्या वकिलाने इंजिनीअरिंगच्या परीक्षेचं हॉल तिकीट दाखवलं, त्याला जामीन मिळाला. एका बाईंची मुलगी महापालिकेच्या शाळेत सहावीत होती, ते ऐकून साहेबांनी मान हलवली. पण बांधकामावरचा एक माणूस होता, कुठल्या तरी साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत राहणारा. साहेबांनी पत्ता विचारला तर त्याने बिल्डिंगचं नाव सांगितलं, जी अजून पूर्णही झालेली नाही. कोर्टात थोडं हसू आलं लोकांना. मलाही आलं, मग त्याचा चेहरा दिसला. त्याला मिळाला नाही. तिघांपैकी जास्त वाईट कोण वागलं होतं, हे मला त्यांच्या अर्जांतून कळलंच नाही.

मला वाटलं, हे अन्यायाचं आहे. नम्रताताईंना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "आहे ना. आता हे सांगून झालं असेल तर तुमच्या साईला काय बांधून ठेवतंय ते शोधा." पुणेरी उत्तर आहे, पण कामाचं.

गुरुवारी साईचा नंबर आला. आम्ही रेशनकार्ड, गॅरेजमालकाचं पत्र, सगळं नेलं होतं. पळून जाणार नाही, हे साहेबांना पटल्यासारखं दिसलं. पण सरकारी वकील उठले आणि म्हणाले की हा पळणार नाही हीच अडचण आहे. हा साक्षीदाराच्या दारासमोर राहतो. आणि आरोपीची आई तर आत्ताच तिथे जायला लागली आहे.

झालं होतं असं की आईने कचरूदादांसाठी पायाचं सूप करून नेलं होतं. दोनदा. हाड मोडलं की आपल्याकडे नेतातच ना, शेजारी कोणीही असो. आईच्या मनात दुसरं काही नव्हतं. शालूवहिनींनी डबा घेतलाही. पण घरी पोलीस आल्यावर त्यांनी सांगितलं की साईची आई येते, आम्हाला नाही म्हणता येत नाही. नम्रताताईंनी कपाळाला हात लावला. "मालनबाई, यालाच कोर्टात साक्षीदारावर दबाव म्हणतात." आईला ते अजून समजलेलं नाही. ती विचारते, सूप देणं कसला दबाव?

मीही आधी तसंच म्हणत होते. पण शुक्रवारी सकाळी नळावर शालूवहिनी होत्या. मला पाहून त्यांनी हंडा अर्धाच भरला आणि घरात गेल्या, कडी लावल्याचा आवाज आला. मी त्यांच्या मुलीला चौथीपर्यंत इंग्रजी शिकवलंय, आत्या. त्यांना माझीसुद्धा भीती वाटते. साई समोर राहिला तर त्या कोर्टात येऊन खरं बोलू शकतील का? मला साईही बाहेर हवाय आणि त्यांची कडीही उघडी हवी आहे. दोन्ही एकदम कसं जमेल याचा मी रात्रंदिवस विचार करतेय, आणि गंमत म्हणजे साहेबही गुरुवारी नेमका तोच विचार करत होते.

त्यांनी बाबांना पुढे बोलावलं आणि विचारलं, "वस्ती सोडून पुण्यात तुमचं कोणी आहे का? जवळचं नातेवाईक? जो याला घरी ठेवेल, जामीनदार राहील?"

बाबांनी हात जोडले. म्हणाले, "नाही साहेब. पुण्यात आमचं कोणी नाही."

ते मुद्दाम खोटं बोलले नाहीत, असं मला वाटतं. आमच्या घरी हे वाक्य असंच म्हटलं जातं. शाळेत, दवाखान्यात, घरमालकापुढे, कोणीही विचारलं तरी हेच उत्तर. सारखं म्हणून म्हणून ते खरं झालंय.

इथपर्यंत लिहून मी दोनदा पेन खाली ठेवलं. आता सांगते. मी मागच्या बाकावरून उठले आणि म्हणाले, "आहे. आत्या आहे, खडकीला." साहेबांनी नाव विचारलं, मी सांगितलं. पत्ता विचारला, तोही सांगितला. बाबा माझ्याकडे वळूनसुद्धा बघेनात. साहेबांनी सरकारी वकिलांना पत्त्याची खात्री करायला सांगितली आणि सोमवार, १७ तारीख दिली.

म्हणजे आत्या, येत्या दिवसांत तुमच्या दाराशी पोलीस येईल. तुम्हाला न विचारता मी त्याला तिकडे धाडलंय. शेख लिहिलेल्या दारावर पोलीस थाप मारतो तेव्हा शेजारी काय बोलतात, चांदकाकांना काय वाटेल, हे सगळं मला बोलून झाल्यावर सुचलं. ज्या भावाने तुम्हाला अंगणातून परत पाठवलं त्याच्या मुलाला घरात घ्या, असं मी तुम्हाला कुठल्या तोंडाने म्हणू? तरी म्हणतेय. तुम्ही नाही म्हणालात तर पोलिसाला फक्त तेवढंच सांगा, माझ्यावर रागवा, पण त्याला घाबरू नका. नाही म्हटल्याने तुमच्यावर काहीही येत नाही, हे मी नम्रताताईंना तीनदा विचारून घेतलंय.

तुमचा नंबर मिळवून फोन केला असता. पण फोनवर तुम्ही लगेच उत्तर दिलं असतंत, आणि हे उत्तर लगेच देण्यासारखं नाही.

तुमचीच, तुम्ही मानलंत तर,
अपेक्षा

*

पुणे,
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

चांदकाका घरी येऊन "झालं काम" एवढंच म्हणाले असतील. आज दिवसभरात त्यांच्याबद्दल मला इतकं तरी कळलं. म्हणून बाकीचं मी लिहिते. तुम्हाला ते कळायला हवं.

तुमचं उत्तर आलं नव्हतं, त्यामुळे आम्ही आज कोणाची वाट बघायची हेच ठरलं नव्हतं. बाबा त्या गुरुवारपासून माझ्याशी बोलत नव्हते. कोर्टाच्या जिन्यात एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ प्लॅस्टिकची पिशवी घेऊन उभे होते. मला म्हणाले, "अपेक्षा तूच ना? कपाळ विजयमालासारखं आहे." पिशवीत रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, फॅक्टरीच्या पेन्शनची कागदपत्रं, सगळं होतं. मी विचारलं, आत्या कुठे आहेत? ते म्हणाले, "ती नाही आली, बेटा. म्हणाली, जिथे मी नाहीच असं सांगितलंय तिथे मी कशी जाऊ?"

ते माझ्या पत्रातलं होतं. मी लिहायला नको होतं, असं क्षणभर वाटलं. पण मग तुम्ही खरं कशावर ठरवलं असतंत?

पोलिसाचं विचारलं तर ते म्हणाले, "आला होता. चहा प्यायला. शेजारची झीनत विचारत होती काय झालं, मी म्हटलं आमचा भाचा येणारे राहायला, त्याची चौकशी आहे." एवढं सोपं करून सांगितलं त्यांनी. मी आठवडाभर त्या एका गोष्टीने झोपले नव्हते.

बाबा बाकावर बसले होते. काका त्यांच्या शेजारी जाऊन बसले, मध्ये ती पिशवी. दोघेही समोर बघत राहिले. आई पदर तोंडाला लावून होती.

नंबर पुकारला. नम्रताताईंनी कागद पुढे केले. सरकारी वकील चिमटा काढण्यात हुशार आहेत. म्हणाले, "गेल्या तारखेला आरोपीचं पुण्यात कोणीच नव्हतं. आता आले आहेत ते नात्यातले आहेत म्हणे. आडनाव शेख, आरोपीचं नाव साई. नातं नेमकं कुठून लागतं, ते कोर्टाला समजलं तर बरं." कोणी तरी मागे हसलं.

नम्रताताई उत्तर द्यायला उठल्या, पण साहेबांनी हाताने थांबवलं आणि बाबांना विचारलं, "हे कोण तुमचे?"

आत्या, मी कोर्टात इतके दिवस लोकांची उत्तरं ऐकली, पण असा वेळ कोणी लावलेला पाहिला नाही. बाबांनी आधी काकांकडे पाहिलं. कदाचित इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मग म्हणाले,

"दाजी आहेत, साहेब."

"म्हणजे?"

"माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. विजयमाला तिचं नाव. सख्खी बहीण."

"मग मागच्या वेळी कोणी नाही म्हणालात?"

"तेव्हा खोटं बोललो."

साहेबांनी पेन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. मला भीती वाटली की आता सगळं हातचं जाणार, कारण खोटं बोलल्याचं असं कोर्टात कबूल करतात का? पण साहेब म्हणाले, "आज खरं बोललात ना, ठीक आहे." मग काकांना विचारलं, मुलगा तुमच्या घरी राहील याची जबाबदारी घेता का? काका म्हणाले, "घेतो. आमची मुलगी लग्न होऊन गेली, एक खोली रिकामीच आहे. आणि सकाळी उठवायची जबाबदारी माझ्या बायकोची, तिच्यापुढे कोणी झोपून राहत नाही." साहेबसुद्धा हसले.

जामीन मंजूर झाला. अटी अशा आहेत: साईने तुमच्याकडेच राहायचं, दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी लावायची, आणि कचरूदादा व शालूवहिनींची साक्ष होईपर्यंत आमच्या वस्तीत पाऊल टाकायचं नाही. कचरूदादांशी बोलायचं नाही, निरोपसुद्धा पाठवायचा नाही. आई विचारत होती, आता सूपही नाही का? नम्रताताई म्हणाल्या, "मालनबाई, सूप तुम्ही प्या." आईने या वेळी वाद घातला नाही. कागद पूर्ण होऊन साई बहुधा परवा सुटेल. काका स्वतः त्याला आणायला जाणार आहेत.

मी घरी आले तेव्हा शालूवहिनी दारात बसल्या होत्या. मी लांबूनच सांगितलं की साई इथे येणार नाही, कोर्टाने तसं लिहून दिलंय.  या वेळी त्या उठून गेल्या नाहीत.

साईबद्दल थोडं. वांगं खात नाही. रागावला की गप्प होतो, तेव्हा त्याच्याशी बोलू नका, थोड्या वेळाने स्वतःच येतो. त्याने जे केलं त्याची शिक्षा व्हायची असेल तर ती खटल्यात होईल आणि मी त्याला तेव्हाही भेटायला जाईन. पण तोवर कोणाच्या तरी घरात ताटावर बसून जेवावं त्याने, एवढंच मला हवं होतं.

कोर्टाबाहेर काकांनी तिघांना चहा पाजला. बाबा आणि ते काय बोलले म्हणाल तर, खडकीला कुठली बस जाते एवढं बाबांनी विचारलं. ती त्यांना माहीत नसेल का? ते ड्रायव्हर आहेत.

आत्ता हे लिहिताना बाबा मागे येऊन उभे राहिलेत. विचारतात, "रविवारी साईला भेटायला गेलं तर तिला चालेल का?" मी म्हटलं, ते मला नका विचारू, इथे खाली जागा सोडते.

तुमची भाची,
अपेक्षा

अक्का,
रविवारी येऊ का. अंगणातूनच परत जा म्हणालीस तरी येतो.
उत्तऱ्या