बासरीत शिरलेली राइस मिल

३ मे, रविवार. सकाळ.
आजपासून नवं आयुष्य. माझ्या डिजिटल म्युझिक प्लेअरमध्ये दोष नाही, दोष त्याच्या प्लास्टिकच्या अ‍ॅडाप्टरमध्ये आहे. यूट्यूबवरच्या माणसानं डोळे मिटून सांगितलं, घाण करंट आत, घाण गाणं बाहेर. आमच्या सावली गावात हे कळलेला मी पहिलाच असेन. झेरॉक्सचं दुकान दुपारी उघडीन.

५ मे.
नवा पॉवर सप्लाय आला. वजन पाट्याएवढं, म्हणजे माल अस्सल. लावला. रेकॉर्डिंगमधल्या बासरीवरचा पडदा बाजूला झाला! बायकोला, दामिनीला, बोलावलं. ती पोळपाट हातात घेऊनच आली, ऐकलं, म्हणाली, "मले तं पयल्यासारखंच वाटून राह्यलं जी."
कान तयार नाही. तिचा दोष नाही.

७ मे.
सत्य समजलं. आमच्या लाइनवर मागची राइस मिल आहे. मिल सुरू झाली की बासरीत भात कांडल्याचा आवाज येतो. वजनदार सप्लाय बिचारा काय करणार? शुद्ध करंट फक्त बॅटरीचा. आणि बॅटरी घरातच आहे, इन्व्हर्टरला. त्यावर मागच्या खोलीतला कूलर चालतो.
अडचण एकच. सासूबाई देवकाबाई त्यांच्या गावाहून, मुलचेऱ्याहून, आल्या आहेत आणि त्या खोलीत झोपतात. पण त्यांचं सारं आयुष्य कूलरशिवाय गेलं. काटक बाई.

८ मे. दुपार.
बॅटरी काढून प्लेअरला जोडली. धूळ बसू नये म्हणून वर लाकडी खोकं पालथं घातलं. काय आवाज! वादक श्वास घेतो तेही ऐकू येतं. (नंतर कळलं, सासूबाई धापा टाकत होत्या. तरी वादकाचाही येत असणार.)
तीनला लाइट गेली. प्लेअर मात्र अखंड चालू! आवाज आला नाही, कारण अ‍ॅम्प्लिफायर लाइनवर आहे. पण हिरवा दिवा काय स्थिर होता.

१० मे.
दामिनी म्हणाली, "माय घामानं भिजून राह्यली. बॅटरी द्या." मी म्हटलं, बॅटरी आत्ताच रुळते आहे, हलवली तर मेहनत वाया. ती म्हणाली, "आन् मायले काई झालं तं?" मी सासूबाईंना ओला टॉवेल नेऊन दिला. माझं मन मोठं आहे.

१३ मे.
बॅटरी रुळली!! कालपासून आवाजात जो मखमलीपणा आलाय तो शब्दांत येत नाही. धनराज आला होता. तो माझा एकमेव रसिक मित्र. म्हणाला, "भाऊ, चांगलं वाजते. चहा आहे का?" भारावला होता. रविवारी डेमो ठेवला. गुलाबभाऊ मंडपवाल्यालाही बोलावलं, कारण त्याच्याकडे डीजे आहे, त्याला स्वतःची चूक कळली पाहिजे.

१५ मे. दुपार.
लाइट गेली आणि प्लेअर बंद पडला. मागच्या खोलीत कूलर मात्र घुंघुं चालू. खोकं उचललं. खाली कांदे.
दामिनीला विचारलं. ती म्हणाली, "मंगळवारी मायले चक्कर आली. तुमी दुकानात होते. झिंगू वायरमनले बोलावलं, बॅटरी जागेवर लावली, तुमचा जुना डब्बा लावून देल्ला."
"आन् मले काऊन नाई सांगितलं?"
"तुमी इतके खुश होते ना जी."
म्हणजे मंगळवारपासून माझी बासरी प्लास्टिकच्या अ‍ॅडाप्टरवर आणि कांद्यांवर चालली होती.
चक्कर आल्याचं मला माहीत नव्हतं. सासूबाईंजवळ जाऊन बसलो. त्या म्हणाल्या, "जवाईबापू, तुमचं यंत्र बंद पडलं का? मायामुळं?" उठून कूलरमध्ये पाणी भरलं. कमी झालं होतं.

१५ मे. संध्याकाळ.
विचार केला. खुलासा सोपा आहे. बॅटरीच्या सहवासात राहून अ‍ॅडाप्टर सुधारला. डेमो होणार.

१७ मे, रविवार.
दुपारी धनराज आणि गुलाबभाऊ आले. मी करंटच्या शुद्धतेवर बोललो. गुलाबभाऊ रुमालानं मान पुसत होता. बासरी लावली आणि लाइट गेली. मी म्हटलं, थांबा, येईलच. पाहतो तर दोघंही मागच्या खोलीत, कूलरसमोर. सासूबाई मोहफुलं वेचायला गेल्यावर अस्वल कसं समोर आलं ते सांगत होत्या. दामिनीनं कैरीचं पन्हं आणलं. धनराजनं डोळे मिटले आणि म्हणाला, "वा! याले म्हणते क्वालिटी." मी म्हटलं, अरे, अजून ऐकवलं कुठं? तो कूलरबद्दल बोलत होता.
थोड्या वेळानं लाइट आली. समोरच्या खोलीत बासरी आपोआप सुरू झाली. कोणी उठलं नाही.
मी उठणार होतो. पण अस्वल झाडावर चढत होतं, आणि मला अगदी वाऱ्यासमोर जागा मिळाली होती.