सोंड झटकली नाही

९ जून

खोटं बोललो.

दिव्यानीनं विचारलं, "सोंड झटकली ना?" मी म्हणालो, "हो." झटकली नव्हती.

सोंड म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरची नळी. गटातल्या बायकांनी (दिव्यानी त्यांतलीच) त्या मशीनचं नाव हत्ती ठेवलंय. कोरपन्याकडे सिमेंट कारखान्याच्या कॉलनीत दिव्यानीचे मामा राहतात, त्यांच्या घरचा आहे तो. मामीला झाडूच बरा वाटतो, म्हणून कपाटात पडून होता. मामांनी तो गटाला देऊन टाकला. गट जुन्या धानाचं बियाणं सांभाळतो. पाखडायच्या मशीनमधून एक वाण निघालं की कानाकोपऱ्यात अडकलेले दाणे हत्तीनं ओढून घ्यायचे. मग हत्ती रिकामा करायचा — पिशवी उलटी करायची, सोंड झटकायची, काठीला फडकं गुंडाळून आतून पुसायची. त्यानंतरच सोंड हत्तीच्या मागच्या, हवा बाहेर फेकणाऱ्या भोकाला लावून चाळण्यांवर हवा मारायची, आणि मग पुढचं वाण. हे काम माझं. चंद्रपूरचं कॉलेज सेकंड इयरला सोडून आलो (हॉस्टेलात मारामारी केली आणि त्याच रागात बॅग उचलली), तेव्हापासून कोणी विश्वासानं दिलेलं हे एकच काम.

आज आधी लाल्या हे वाण झालं. नंतर केवडीची पाळी होती. तेवढ्यात विक्की ट्रॅक्टर घेऊन आला आणि काहीतरी बोलला. दिव्यानी हसली, ओढणी तोंडाला लावून. बस्, एवढंच. माझं डोकं फिरलं. सोंड तशीच काढून मागे लावली आणि बटण दाबलं. सर्र करून दाणे चाळणीत गेले. मी ऐकलं. ट्रॅक्टर चालू होता म्हणून तिला ऐकू गेलं नाही.

मग तिनं विचारलं. मी हो म्हणालो. तिनं केवडीची चुंगडी ओतली.

१० जून

केवडी आता दुसऱ्या कोणाकडे नाही, ना आमच्या गावात, ना सिंदेवाहीपर्यंतच्या कुठल्या गावात. शिजली की तीन घरं सोडून वास जातो म्हणतात. गटातल्या जुन्या सुगंधाबाईच्या एका मडक्यात उरली होती, ती तिनं दिव्यानीला देऊन टाकली. सगळ्यांसमोर मडकं उलटं करून दाखवलं. "एक दाणा ठेवला नाई वो बाई. आता केवडी तुह्या हाती."

दोघी-तिघी कुरकुरल्या होत्या. कालची पोरगी, तिला काय समजते. सुगंधाबाई म्हणाली, "मी बी कालचीच होती कधी."

आता त्यात लाल्या आहे. माझ्यामुळे. दाण्यावरून ओळखूही येत नाही, दोघांचं टरफल सारखंच. लाल रंग आत असतो.

११ जून

हत्ती पूर्ण खोलला. कोणी सांगितलं नव्हतं.

पिशवीत भुसा, कोंडा, धूळ आणि तळाशी थोडे दाणे. नखानं सोलून पाहिले. लालच. सोंडेत किती राहिले होते, किती गेले, कोण सांगणार? सोंड उभी धरून खालून थापटली. आणखी चार पडले. हेच त्या दिवशी केलं असतं तर!

फिल्टर पाण्यात धरला तर पाणी राखेसारखं झालं. मामांच्या कॉलनीतली सिमेंटची धूळ अजून निघून राहिली आहे त्यातून. दिव्यानी आली. "ओला बसवू नको हं. मोटर जळते."

"मालूम आहे मले."

"मालूम आहे म्हणूनच तुह्याकडे देलं ना."

ती गेल्यावर खालचा ब्रश काढला. त्यात तिचा लांब केस गुंडाळलेला. कात्रीनं कापून टाकायचा असतो. मी बसून सोडवला.

१८ जून

परे टाकले, म्हणजे रोपांसाठी केवडीचं सगळं बी पेरलं. तिच्या बाबांच्या रस्त्यालगतच्या बांधीत, धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. तिनं पहिली मूठ टाकली, दुसरी मला दिली — "टाक, तुहा बी हात लागू दे." मी टाकली. आलो परत.

१९ जून

आजही नाही सांगितलं.

२ जुलै

चौकात विक्की भेटला. "काय बे हत्तीवाले, माहूत केव्हा झाला?" मी कॉलर धरली. तो हसतच होता आधी. मग म्हणाला, "सोड ना बे. मस्करी करून राह्यलो. घरी कूलरची जाळी धुळीनं बसली, ती तुह्या मशीननं साफ होईन का विचाराले थांबलो होतो."

कॉलर सोडली. त्याचं एक बटण तुटलं होतं.

त्याची जाळी साफ करून दिली संध्याकाळी. त्याच्या आईनं चहा दिला. राग कोणाचा, काढतो कोणावर.

८ जुलै

परे वीतभर झाले. वाकून पाहिलं. बहुतेक रोपं बुडाशी हिरवी. पण मधे मधे काही जांभळी. बूड असं, जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तसं.

हाच लाल्या. दुसरं काय असणार!

घरी बाबांना विचारलं, "लाल्याचं बूड कसं राह्यते?" बाबा म्हणाले, "मले का मालूम. आपण बाजारातलं बियाणं लावतो. सुगंधाबाईले विचार."

तिलाच तर विचारता येत नाही. विचारलं की ती म्हणणार, काऊन विचारून राह्यला बाबू?

२१ जुलै

रोवणी. मीही चिखलात उतरलो. दिव्यानीच्या बाबांना आश्चर्य वाटलं. "कॉलेजवाला रोवणी करते?" "कॉलेज नाई आता," मी म्हणालो. त्यांनी रोपांची पेंढी पुढे सरकवली.

दुपारी बांधावर बसलो होतो. दिव्यानी एक रोप हातात फिरवत होती. "प्रफुल, हे जांभळं काऊन आहे रे? सुगंधाबाईले दाखवू का?"

माझ्या तोंडातून निघून गेलं — "पाणी जास्त झालं की होते तसं. जाते मंग."

"खरंच?"

"बॉटनी होतं ना मले."

तिनं रोप खोचलं चिखलात. विश्वास बसला तिचा. कॉलेजचा एवढाच उपयोग झाला आजवर.

२४ जुलै

दोन खोटी झाली आता. पहिलं रागात बोललो. दुसरं शांत डोक्यानं. दुसरं जास्त वाईट.

३ ऑगस्ट

उपाय सापडला. उपटायचे. लाल्या जांभळ्या बुडावरून ओळखू येतो, म्हणजे लोंब यायच्या आधी सगळा काढून टाकता येतो. मग केवडी निखळ. कोणाला कळायचंही कारण नाही. निंदणाच्या निमित्तानं सकाळी जाईन.

पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

५ ऑगस्ट

मुठी भरून उपटली. गवतासोबत भाऱ्यात घालून बैलांपुढे टाकली. मुळं धरून असतात, उपटताना चिखल चपकन आवाज करतो. प्रत्येक वेळी मागे पाहतो.

११ ऑगस्ट

दिव्यानी पोहे घेऊन आली बांधीवर. "रोज येते म्हणे तू. बाबा सांगत होते. आमच्या घरचं कोणी एवढं करत नाई." मग थांबून म्हणाली, "मले वाटलं होतं, तू नुसता भांडखोर."

"आहोच मी."

"हं, विक्कीचं बटण पाह्यलं मी. मीच लावून देलं."

पुन्हा माझ्या डोक्यात गेलं एक क्षण. मग तिनं पोह्यातले शेंगदाणे निवडून माझ्या बाजूला सरकवले. माझं डोकं जागच्या जागी आलं. किती दिवस हेच पाहिजे होतं मला — ती अशी बाजूला बसावी, आपण होऊन. आणि मिळालं ते या कामामुळे! तिला वाटतं मी गवत काढतो.

पोहे संपवले नाहीत.

१९ ऑगस्ट

गटाची बैठक झाली. सुगंधाबाईनं हत्ती मधे ठेवला आणि सगळ्यांना दाखवला. मी दर आठवड्याला खोलतो, काम नसलं तरी. चाकात अडकलेले धागे काढतो, वायर पुसतो, पिशवीची शिवण उसवली होती ती घातली, फिल्टर सावलीत दोन दिवस वाळवतो. सोंडेतून तर आता आरपार दिसतं.

"पाहा वो बायांनो. घरची भांडी बी इतकी साफ नसतीन तुमची." सगळ्या हसल्या. "असा जावई पाह्यजे कोणाले, तर सांगा लवकर."

दिव्यानी खाली पाहून हसत होती.

मला उठून जावंसं वाटलं. त्या एका दिवशी एवढं केलं असतं तर कौतुकाची गरजच नव्हती.

२८ ऑगस्ट

सांगून टाकू का? रोज एकदा हे लिहितो मनात. सांगितलं तर तिच्या नावावर येईल. बायका म्हणतील, पोराच्या भरवशावर ठेवलं, पाहिलं नाही. पुढल्या वर्षी तिच्या हाती बियाणं देणार नाहीत. म्हणजे तिच्यासाठीच गप्प आहे मी.

हे वरचं वाक्य पुन्हा वाचलं. तिच्यासाठी नाही. ती पोहे आणणार नाही म्हणून.

६ सप्टेंबर

आज ओळीनं, एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत, वाकून वाकून पाहिलं. एकही जांभळं राहिलं नाही. जागोजागी रिकामं दिसतं, दिव्यानी म्हणाली खेकड्यांनी रोपं खाल्ली असतील. मी हो म्हणालो. तिसरं.

पण संपलं. आता बांधीत निखळ केवडी आहे.

२० सप्टेंबर

लोंब निघायला लागली. दिव्यानी बांधावर उभी राहून नाकानं हवा ओढत होती. "वास नाई येऊन राह्यला रे. सुगंधाबाई म्हणे फुलोऱ्यातच येते."

"हवा उलटी आहे," मी म्हणालो.

असेलही.

२९ सप्टेंबर

तळ्याच्या पाळीवर भेटलो. तिनं बोलावलं होतं. म्हणाली, "तू पुन्हा कॉलेजले जा. एक वर्ष गेलं तर गेलं. बियाणं निघालं की गट मले इथचं पुढचं सगळं सांभाळाले देणार आहे, मी इथीच राहीन. तू ये जा करशीन."

असं म्हणाली ती. ये जा करशीन.

मी म्हणालो, "मले तुले एक सांगायचं आहे."

"सांग ना."

"नंतर. कापणी झाल्यावर."

ती लाजली. तिला वेगळंच वाटलं. मीही वाटू दिलं.

७ ऑक्टोबर

परवा सुगंधाबाई बांधी पाहायला येणार. ती पास म्हणाली की कापायचं. हत्ती आजच तयार करून ठेवला. नवीन पिशवी शिवून आणली, रबराची कड तपासली, सोंडेच्या तोंडाला हात लावून हवा ओढते का पाहिलं. चांगली ओढते. यावेळी केवडी निघेल तेव्हा त्यात दुसऱ्याचा एक दाणा जाणार नाही.

सगळं ठीक झालं की कापणीनंतर तिला पहिलं खोटंही सांगणार आहे. हसेल ती. तेव्हा हसण्यासारखंच असेल.

९ ऑक्टोबर

सुगंधाबाईला बांधीत आधी लाल्याच दिसला. लाल्या हलका धान, केवडीच्या आधी पिकतो. हिरव्या बांधीत पिवळ्या लोंब्या लांबूनच दिसत होत्या. त्यांची बुडं हिरवी होती. सगळ्या मिळून दिव्यानीच्या एका मुठीत मावल्या. "येतेच दोन-चार हर साली," सुगंधाबाई म्हणाली. "खुडल्या का झालं."

मग ती वाकली. बुडं चाचपत, ओळीनं, पार पलीकडच्या बांधापर्यंत गेली. तशीच परत आली.

"दिव्यानी, जांभळ्या बुडाचे कुठी गेले वो? केवडी जोडीनं राह्यते. वास जांभळ्यालेच, हिरवे नुसते सोबतीले."

दिव्यानी माझ्याकडे वळली. घाबरली नव्हती ती. प्रफुलला माहीत असेल, तो सांगेल, असं पाहत होती.

"मी उपटले," मी म्हणालो.