बारा अंशांची खोली

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा फ्रिज आणि एसी दुरुस्ती, आता निवृत्त, राहणार याच घरात, दुसरा मजला, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे ठिकाणावर नाहीत. दोन्हींबद्दलचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हा कागद मी कोणाच्या धाकाने किंवा गोडीगुलाबीने करत नाही. गोडीगुलाबीचा प्रयत्न धाकट्या भावाने करून पाहिला. त्याच्याबद्दल कलम तीन पाहावे.

कलम १. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले मी रागाच्या भरात केले होते. दुसरे छातीत पाणी झाले तेव्हा घाबरून केले आणि त्यात सगळ्यांना काही ना काही वाटून टाकले. बरे वाटल्यावर ते वाचले, तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

कलम २. हत्यारे. गॅसचा दाब मोजायच्या गेजचा संच, व्हॅक्यूम पंप, तांब्याच्या नळ्या वाकवायच्या स्प्रिंगा आणि गळती शोधायचे यंत्र, हे सर्व कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला द्यावे. हा माणूस वीस वर्षे लोकांच्या एसीत नुसता गॅस भरत आला. गळती कुठे आहे ते त्याने एकदाही पाहिले नाही, कारण गळती बुजली की गिऱ्हाईक परत येत नाही. आता यंत्र फुकट मिळाल्यावर त्याला सबब उरणार नाही. यंत्राची बॅटरी मी काढून घेतली आहे. ती त्याने स्वतःच्या पैशाने घालावी.

कलम ३. धाकटा भाऊ. हा दर रविवारी येतो, फळे आणतो आणि माझ्याशी बोलताना भिंतींकडे बघतो. एकदा मी त्याला एक झाड दिले होते. सांगितले होते की याला गारवा लागतो, स्वयंपाकघरात ठेवू नकोस. त्याने ते शेगडीच्या बाजूच्या खिडकीत ठेवले आणि आठ दिवसांनी मला कळवले की, "छान आहे, फक्त झोपलंय." त्याला मी ती रिकामी कुंडी देतो. शिवाय या मृत्युपत्रात ज्याला जे दिले आहे ते त्याने घेतले नाही, किंवा त्याला ते कायद्याने मिळू शकले नाही, तर ते धाकट्याला जावे. यात प्रेमाचा भाग नाही. कोणाला तरी भीती घालायला एक नाव लागते, आणि त्याचे नाव त्या कामाला उत्तम आहे.

कलम ४. झाडे. ही ऑर्किडे आहेत, पण लग्नाच्या हॉलमध्ये असतात तसली नव्हेत. ही उंच डोंगरांवर, ढगांत वाढणारी. फूल नखाएवढे किंवा फार तर तळहाताएवढे, तीन टोकांना तीन शेपट्या, आणि काहींच्या मध्यभागी म्हाताऱ्या माकडाचे तोंड. माझी बायको त्यांना "तुमचे नातेवाईक" म्हणायची. त्यांना दिवसा अठराच्या वर आणि रात्री बाराच्या वर अंश चालत नाहीत. कंपनीचा एसी सोळाच्या खाली उतरत नाही. मी त्याचा सेन्सर फसवून त्याला बारावर आणले. मुलीचे लग्न झाल्यावर तिची खोली रिकामी झाली, तीत मी थर्माकोल ठोकले, दोन यंत्रे आळीपाळीने लावली आणि कुंड्यांत माती न घालता शेवाळ भरले. नळाचे पाणी वर्ज्य. पंखा सतत चालू, कारण गार हवा साचली की मुळे कुजतात. आज रोजी चौसष्ट झाडे आहेत. दार उघडले की डोंगर चढून आल्यासारखे वाटते, असे बायकोने एकदाच म्हटले होते, आणि मी तेव्हा दार लवकर लाव एवढेच सांगितले.

कलम ५. खोलीची तपासणी निवृत्त गणिताचे मास्तर करतील. ते गॅलरीत उन्हातली ऑर्किडे वाढवतात, ऊन दाखवले की फुलणारी, आणि स्वतःला माळी समजतात. पंधरा वर्षे ते माझ्यावर जळत आहेत, त्यामुळे कसूर शोधण्यात कसूर करणार नाहीत. मेहनतीबद्दल त्यांना एक झाड द्यावे. ते त्यांच्याकडे जगणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

कलम ६. बायको. तिला द्यायचे काही उरले नाही, ती नऊ वर्षांपूर्वी गेली. पण पुढचे कलम कळायला हे लागते, असे वकिलांना सांगितले, तर ते म्हणाले मृत्युपत्रात असे लिहीत नाहीत. मी म्हणालो, लिहा.

ती हॉलमध्ये मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची. हॉलला दुपारभर ऊन. शेवटच्या वर्षी तिचे हृदय थकले, पाय सुजले, उकाडा सोसेना. त्या उन्हाळ्यात खोलीतल्या तापमापकाने मला विसाचा आकडा दाखवला. हा तापमापक साधा नाही. पारा दिवसभरात जिथवर चढला, तिथे त्याची खूण अडकून राहते, ती बटण दाबेपर्यंत खाली येत नाही. दुसऱ्या दिवशीही वीस. मी यंत्र खोलले, गॅस पाहिला, जाळी धुतली. यंत्रात खोट नव्हती. तिसऱ्या दिवशी पुन्हा खोलले. सगळे आयुष्य यंत्रे उघडण्यात गेले, तेव्हा मला माणूस सुचायला अकरा दिवस लागले. बसलेले माणूस शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता टाकते. मी दुपारी तीनला घरी आलो. ती कुंड्यांच्या मधे स्टुलावर बसली होती, पाय ओल्या फरशीवर टेकलेले, मांडीवर गणवेशाची बाही.

"इथं बरं वाटतं हो," ती म्हणाली.

मी तिला खूण दाखवली आणि गळलेल्या चार कळ्या दाखवल्या. म्हणालो, माणसाला कुठेही बसता येते, झाडाला नाही. ती म्हणाली, "खरंय. झाडाला कुठं जाता येतंय." आणि स्टूल उचलून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी मी दाराला कुलूप घातले. एकोणिसाव्या दिवशी ती हॉलमध्येच वारली.

लोक विचारतात, एसीवाल्याच्या घरी हॉलमध्ये एसी का नव्हता. मीटरवर तिसऱ्या यंत्राचा भार बसत नव्हता. भार वाढवून घ्यायचा अर्ज मी भरला होता, पण तो झाडांच्या नव्या कपाटासाठी. मंजुरी ती गेल्यावर आली, आणि मी कपाट बसवले. डॉक्टरांना मी विचारले की उकाड्याने गेली का. ते नाही म्हणाले. पुन्हा विचारले, तर म्हणाले, "गेलीच असती. जरा सुखानं गेली असती." हे वाक्य मी विसरलेलो नाही, म्हणूनच ते साक्षीदार आहेत.

कलम ७. घर. हे घर, आतल्या स्थावर-जंगमासह, माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे.

तिच्यावर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. आई गेली त्या दुपारी तिने माझ्याच हातोडीने कुलूप फोडले, मधल्या कुंड्या पायाने सरकवल्या आणि आईला त्या खोलीत नेऊन निजवले. मावशी लांबून यायची होती, तोवर आठ तास. वीस-बावीस माणसे आत-बाहेर करत होती. मी दारात उभा राहिलो आणि मला जे म्हणायचे होते ते न येता तोंडून आले, "निदान दार तरी लोटून घ्या." मुलीने माझ्याकडे पाहिले. त्यानंतर तिने मला बाबा म्हटलेले नाही. आठवड्याभरात एकतीस झाडे मेली. महिन्याच्या एक तारखेला ती येते, माझी औषधे टेबलावर ठेवते आणि चहासुद्धा न घेता जाते.

आईसारखेच शिवणकाम करणारी ती, तिचा बसड्रायव्हर नवरा आणि माझी नात भाड्याच्या दीड खोलीत, वर तापलेला स्लॅब, अशा ठिकाणी राहतात. नातीच्या अंगावर उन्हाळाभर घामोळे आणि फोड. घरमालकाने त्यांना यंदाच निघायला सांगितले आहे. तिला घराची गरज आहे आणि मला हे पक्के माहीत आहे. गरज नसती तर अटी कोणी मानल्या असत्या? त्या अशा:

थंड खोली झाडांसाठीच राहील. तापमान मास्तर न सांगता येऊन पाहतील. खोलीत एका वेळी एकच माणूस जाईल, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही, आणि बसण्यासाठी स्टूल, खुर्ची, पाट, चटई काहीही आत नेणार नाही. नातीला उन्हाळ्यात तिथे झोपवणार नाही. यातली एक अट जरी मोडली तर कलम तीन लागू होईल आणि घर धाकट्याचे होईल. तो पहिल्याच दिवशी यंत्रे बंद करील. म्हणजे झाडे वाचवायची की खोलीत बसायचे, हे तिनेच ठरवायचे आहे.

कलम ८. माझा देह हॉलमध्ये ठेवावा. वाट पाहण्यासारखे कोणी लांबून येणार नाही. दहनाला उशीर करू नये.

टाईप केलेला मजकूर इथे संपतो. पुढचे मी सह्या झाल्यावर, मजकूर आणि सह्यांच्या मधे मोकळ्या राहिलेल्या जागेत, माझ्या हाताने लिहिले आहे.

साक्षीदार म्हणून डॉक्टर आणि खालच्या मजल्यावरचा शिंपी अशी दोन माणसे वकिलांनी बोलावली होती. आज एक तारीख, त्यामुळे मुलगी औषधे घेऊन आली. मीच तिला कागद दिला. मला तिचा चेहरा पाहायचा होता. तिने सगळी पाने उभ्याउभ्या वाचली, कलम सहा दोनदा. मी आणि डॉक्टरांनी सही केली होती, पेन शिंप्याच्या हातात होते. तिने वकिलांना विचारले की दुसरा साक्षीदार बाहेरचाच कशाला. वकील सांगू लागले की साक्षीदार असा लागतो, ज्याला यातून काही मिळायचे नाही; मिळणाऱ्यानेच सही केली तर कागद टिकतो, पण त्याचा वाटा जातो.

"म्हणजे मी सही केली तर घर मला नाही?"

"नाही. तुमच्या काकांना जाईल. म्हणून तर तुम्ही करायची नाही."

तिने शिंप्याच्या हातातून पेन घेतले. मी म्हणालो, "अगं, पोरीचा तरी विचार कर." नऊ वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी सरळ बोलली.

"आईला पंधरा मिनिटं दिली नाहीत तुम्ही. मला कशाला देताय?"

सही करून तिने औषधे टेबलावर ठेवली, सकाळची वेगळी, रात्रीची वेगळी, आणि गेली. शिंपी ओशाळून खाली गेला. वकील म्हणाले, काही बिघडलेले नाही, हा कागद फाडू, अट तेवढी गाळू, उद्या नवा टाईप करून आणतो, घर मुलीला मिळेल. डॉक्टर म्हणाले, उद्याच आणा, परवावर टाकू नका.

धाकटा यंत्रे बंद करणार, म्हणजे चौसष्टच्या चौसष्ट झाडे जाणार. अट गाळली तर मुलगी आणि नात उकाड्यातून सुटतील, आणि झाडेही कदाचित ती सांभाळील, तिचा हात आईसारखा हळू आहे. हे सगळे मला स्पष्ट दिसत होते. पण अट गाळायची म्हणजे त्या दुपारी तिला तिथे बसू द्यायला हवे होते, असे मी माझ्या सहीने लिहून दिल्यासारखे होईल. ते माझ्याने होत नाही. मी वकिलांना म्हणालो, नवा नको, हाच राहू दे.

ठिकाण: राहते घर, हॉल. दिनांक: १ मे, दुपारी तीन.

मृत्युपत्र करणार: सही.

साक्षीदार पहिला: सही. धंदा: डॉक्टर. मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते: नाही.

साक्षीदार दुसरी: सही. धंदा: शिवणकाम. मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते (तिने तिच्या हाताने भरले आहे): नाही.