पाठाच्या दिवशी सुट्टी

इंदापूर,
२ डिसेंबर २०२४

ती. इंदिराआत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि मला धड सांगता येत नाही, म्हणून लिहिते. खोली बरी आहे, डबा तिखट आहे. आता खरं ते.

विशेष शिक्षिका म्हणून माझ्याकडे ज्या शाळा आहेत, त्यांतल्या एकीत संस्कृती नावाची नऊ वर्षांची मुलगी आहे. स्वमग्न आहे, बोलत नाही. शुक्रवारी ती वर्गातून पळाली ती थेट रस्त्यावर, उसाच्या ट्रॉल्यांपुढे. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून वाचली. मी मागे धावत पोचले तेव्हा ती ट्रॉलीतून लोंबणारी उसाची पानं शांतपणे ओढत होती. मी दंड धरला, तर कडकडून चावली.

मुख्याध्यापक नीळकंठ सर माणूस वाईट नाहीत, पण घाबरलेत. मुलगी शाळेत येण्याजोगी नाही, तिला घरीच शिकवावं, असं मी लेखी द्यावं म्हणतात. तिची आई मनिषा तिथंच उभी होती. ती एवढंच म्हणाली की घरी कोण हाय शिकवाया, आमी दोघं रानात, पोरीला दावणीला बांधू व्हय?

आत्या, तुमच्या विद्यालयात, तुझ्याच हाताखाली मी विशेष शिक्षणाची पदविका घेतली आणि पहिली आले. टाचण, रंगीत तक्ते, सगळं चोख. पण सरावपाठाला समोर चार-पाच शांत मुलं असायची. बाकीच्यांना त्या दिवशी सुट्टी देतात, असं आम्ही मुली आपसांत म्हणायचो आणि सुटकेचा श्वास टाकायचो. पळणारं मूल मी कधी पाहिलंच नाही. बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरावा असं मनात येतं. लेखी काय देऊ ते कळव.

रागावलीस तरी लोभ राहू दे.

तुझी,
आसावरी


बारामती,
७ डिसेंबर २०२४

चि. आसावरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. रागावले नाही. दादा-वहिनी बरे आहेत. चावल्याचं वहिनीच्या कानावर घातलेलं नाही, पण इंजेक्शन घेतलंस की नाही ते मला कळव.

सुट्टीचं खरं निघालं. ज्या शाळेत आमचे सरावपाठ होतात तिथल्या बाईंना मी विचारलं. त्या सहज म्हणाल्या की हो, पाठाच्या दिवशी दंगेखोर मुलांच्या घरी निरोप जातो, विद्यार्थिनींचे गुण जायला नकोत म्हणून. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जानेवारीच्या पाठांना सगळी मुलं हजर असतील, असं मी प्राचार्यांना कळवलं आहे.

लेखीचं म्हणशील, तर स्वतः पाहिलंस तेवढंच लिही. तू तिला पळताना पाहिलंस. पळण्याच्या आधी पाहिलंस का? आठवडाभर काही शिकवू नकोस, नुसती शेजारी बस. नोकरी सोडायची तर खुशाल सोड, पण त्या कागदावर सही करून जाऊ नकोस.

तिखट डब्यावर दही खात जा. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझी,
आत्या


इंदापूर,
२१ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

इंजेक्शन घेतलं. आठवडाभर नुसती बसले. सर दारातून डोकावायचे आणि पगार कशाचा घेता, हे डोळ्यांनीच विचारायचे.

जेवणाआधी मुलं बाकं ओढतात. त्या खरखराटानं संस्कृती कान दाबते आणि उठते. म्हणून आता त्याआधीच तिला व्हरांड्यात नेते. मनिषा काही दिवस रान सोडून सोबत बसली. तिनं विचारलं की मॅडम, तुमी बी भिता व्हय हिला? मी हो म्हटलं. ती हसली, म्हणाली मी बी भिते.

लिहून दिलं की मुलगी शाळेतच राहील, सध्या अर्धा दिवस, आणि फाटकाला कडी हवी. उद्या काही झालं तर नाव तुमचं, असं सर म्हणाले. मी बरं म्हटलं खरं, पण खोलीवर आल्यावर जेवण गेलं नाही. कडी मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी बसवून घेतली.

फार खूष होऊ नकोस. गुरुवारी तिनं स्वतःचे केस उपटले आणि मला काही करता आलं नाही. बँकेचा अर्ज अजून भरलेला नाही. तारीखही गेलेली नाही.

जमेल तेवढा लोभ पाठवत जा.

आसावरी


बारामती,
१८ जानेवारी २०२५

चि. आसावरीस,
अनेक आशीर्वाद.

सरावपाठ झाले. सगळी मुलं आली. एक विद्यार्थिनी तक्ता फाटल्यावर रडत बाहेर गेली, दोघींचे पाठ अर्ध्यातच थांबले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलं की याला पाठ म्हणायचं का. मी म्हटलं, याला वर्ग म्हणायचं. गुण कमी पडले, पालक भांडायला आले. यापुढे माझ्या तासांची गरज नाही, असं प्राचार्यांनी नम्रपणे कळवलं. त्यांचीही अडचण आहे, पुढच्या प्रवेशांची त्यांना काळजी.

इरा नावाच्या मुलीला सर्वांत कमी गुण आहेत. एक मुलगा टेबलाखाली जाऊन बसला, तर ही तक्ते बाजूला ठेवून त्याच्याजवळ खाली बसली आणि पाठ संपेपर्यंत उठली नाही. परीक्षकांनी शेरा दिला की पाठ घेतला नाही. तिला महिनाभर तुझ्याकडे यायचं आहे. ठेवशील का?

माझी काळजी नको. आता दुपारची झोप मिळते.

आत्या


इंदापूर,
८ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

इरा आली, माझ्याच खोलीत राहते, घोरते. संस्कृतीनं दोन दिवस तिच्याकडे पाठ केली, तिसऱ्या दिवशी तिच्या ताटातली भाकरी उचलून खाल्ली. इरानं मला विचारलं की हे टाचणात कुठं लिहायचं?

काल शेजारच्या वस्तीवरचे संभाजी आबा मोटारसायकलवर मुलीला घेऊन आले. अकरा वर्षांची आहे, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. ती फाटकाबाहेर ओरडत होती आणि आबा दबकत विचारत होते की हितं असली पोरं घेत्यात म्हणं, खरं हाय का? मी तोंड उघडायच्या आत नीळकंठ सरच म्हणाले की सोमवारी घेऊन या. मग माझ्याकडे न बघता आत गेले.

तिच्यासाठी काय करायचं, हे मला अजिबात ठाऊक नाही. इरालाही नाही. ती म्हणाली, सोमवारी आपण दोघी लवकर जाऊ. बँकेच्या अर्जाची तारीख परवा गेली, आज लक्षात आलं.

दुपारची झोप पुरे झाली असेल तर एसटीनं ये.

तुझी,
आसावरी