मुलाची भूमिका गाळणार नाही

रविवार, ४ ऑगस्ट

ती. दादास नमस्कार. आधीच सांगते, हे पत्र माघारीचं नाही.

इकडे ठीक आहे. गुडघा कुरकुरतो. दुकानात गणवेशांचा ढीग पडलाय. वहिनीचा ड्रेस शिवून झाला, तिला तसं सांग.

तुझ्या नाटकमंडळींत माझं हसं झालं म्हणे. होऊ दे. शिवणाच्या मशीनवर मोबाईल टेकवून नाट्यशास्त्र शिकणारी शिंपीण, गंमतच आहे. त्यात मी सगळे व्हिडिओ उलटे पाहिले. सर्वांत नवा वर दिसतो, तोच पहिला समजले. त्यामुळे गाठ सुटते कशी ते आधी कळलं, बसली कशी ते महिनाभराने. काजं करताना वैतागायचे, उदाहरणाच्या नाटकातली ही बाई आधीच का रडतेय?

तेवढ्या अर्ध्या अकलेवर एकांकिका लिहायला घेतली. तुमच्या मंडळींतल्या प्रकाशयोजनेवाल्याने तुला सांगितलंच आहे. स्पर्धेला दिली, आणि तुझा निरोपही आला: "त्यातला मुलगा काढ, नाहीतर नाव मागे घे. घरातलं घरात राहू दे."

नाही काढणार.

आई गेली त्या संध्याकाळी तुझा प्रयोग होता. तो तू थांबवला नाहीस म्हणून लोकांनी तुला डोक्यावर घेतलं. आईजवळ कोण होतं, हे कुणी विचारलं नाही. मला राग आला होता. अजून आहे. पहिल्या खर्ड्यात तुला पक्का खलनायक केला होता.

मग शेवटी उरलेला, म्हणजे खरा पहिला व्हिडिओ पाहिला. त्यातल्या बाई म्हणाल्या, वाईट माणसाचं वाईट झालं तर प्रेक्षक घरी जाऊन पोटभर जेवतो, चांगला माणूस चुकला तर त्याला घास उतरत नाही. सगळं फाडलं, पुन्हा लिहिलं. आता तो मुलगा चांगला आहे. तुझ्यासारखा हसतो, निघताना तुझ्यासारखीच चप्पल शोधत बसतो. त्याला गाळला तर नुसती एक आजारी बाई उरते, आणि आईची मी तेवढ्यावर बोळवण करणार नाही.

रागव. बोलणं टाक. शनिवारी संध्याकाळी प्रयोग होणार.

आई जाताना काय बोलली, हे तू मला आजवर विचारलं नाहीस. विचारशील म्हणून मी फार वाट पाहिली. आता ते रंगमंचावरून बोललं जाईल. ऐकायचं असेल तर तिकीट काढून ये.

तुझी धाकटी बहीण,
या एकांकिकेची लेखिका