दुसऱ्या कडव्यातली हळू ओळ

सर, तुमच्यावर वैतागून लिहिते आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण तुम्ही वेळच तशी आणलीत. तुम्ही मास्टर केलेला तो भावगीतांचा जुना संग्रह कंपनी पुन्हा काढते आहे आणि ‘जरा आजच्यासारखा दमदार करा’ म्हणून तो माझ्याकडे आलाय. चार दिवस झाले. खालचे स्वर भरले की तबला गढूळ होतो, वरचे उजळले की गायिकेचा आवाज टोचायला लागतो. जिथे हात लावावा तिथे तुम्ही आधीच येऊन गेलेले. एखादी चूक तरी ठेवायचीत माझ्यासाठी.

बिबवेवाडीतली तुमची खोली आठवते. खाली पिठाची गिरणी, ती एक ते चार बंद, म्हणून आपलं ऐकण्याचं कामही एक ते चार. अशाच एका दुपारी तुम्ही चहा टाकायला उठता आणि मी याच संग्रहातली, दुसऱ्या कडव्यातली एक ओळ गुपचूप मोठी करते. गायिका तिथे जवळजवळ पुटपुटते. मला वाटतं, तुमच्याकडून राहून गेलंय. तुम्ही कप घेऊन येता, ऐकता.

“कोणी सांगितलं होतं?”

“नीट ऐकू येत नव्हतं, सर.”

“मग ऐकणाऱ्याला जरा पुढे सरकू द्या की. अहो, सगळं घास करून भरवणार का? हात शिवशिवतात म्हणून काम करायचं नसतं.”

मी ओळ होती तशी केली आणि चहा न पिताच घरी गेले.

आता लोक मला विचारतात, मास्टरिंग म्हणजे नेमकं काय. मी सांगते, गाणं रेकॉर्ड झालं, आवाज आणि वाद्यं जुळवून झाली, की बाहेर पडण्याआधी त्यावर शेवटचा हात फिरवायचा. “म्हणजे आवाज वाढवता ना?” संपलं. त्यांना तरी काय बोलायचं? या संग्रहाच्या जुन्या कॅसेटच्या कागदावर छापखान्याचं नाव आहे, तुमचं नाही. विचारलं तर म्हणायचात, “गाणं मी गायलंय का?” तुमच्या या साधेपणाचा मला अजून राग येतो.

काल ती ओळ पुन्हा आली आणि माझ्या लक्षात आलं, मी खुर्चीतून पुढे झुकून ऐकत होते. मग चार दिवसांचं सगळं पुसलं आणि तुमचं काम जसंच्या तसं पाठवून दिलं. आज सकाळी कंपनीतल्या साहेबांचा फोन आला. “मॅडम, काय फरक पडलाय. आत्ता कुठे गाणी जिवंत वाटतायत. मास्टरिंगला तुमचं नाव टाकतोय, स्पेलिंग तेवढं सांगा.”

‘अहो, ते आमच्या सरांचं काम आहे’ एवढंच म्हणायचं होतं. इतकी वर्षं ज्यावरून तुमच्याशी मनात भांडले, ते एका वाक्यात मिटलं असतं. मी माझ्या नावाचं स्पेलिंग सांगितलं आणि फोन ठेवला. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, तेच बरं आहे.