तिरुवैयारूच्या अठरा पायऱ्या

३ फेब्रुवारी
वही मराठीत. आम्ही तंजावरचे मराठी, घरात बोलतो मराठी, लिहितो तमिळ. घरात देवनागरी मला एकटीलाच वाचता येते, तीही पन्नाशीनंतर माझी मीच शिकले. म्हणून इथे खरं तेच लिहायचं.

खरं हे, की उजवा गुडघा गेला. दोन वर्षांपूर्वी आडी महिन्यात, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, मुलाने, साईरामने, ह्यांच्या अस्थी तिरुवैयारूला कावेरीत सोडल्या. मी वर, प्लास्टिकच्या खुर्चीत. घाटाला अठरा पायऱ्या. एकही उतरले नाही.

संकल्प: २२ मे, आमच्या लग्नाचा दिवस. त्या दिवशी स्वतः उतरून त्या पाण्यात हात घालायचा.

११ फेब्रुवारी
त्रिची. डॉक्टर हरिणी. गुडघा बदलायचा नाही. मांडीतून बारीक नळी घालून, सुजलेल्या अस्तराकडे रक्त नेणाऱ्या नको त्या वाहिन्या तेवढ्या बंद करायच्या. त्याच दिवशी घरी. झीज भरून येत नाही, गुण सगळ्यांनाच येतो असंही नाही, म्हणाल्या. मी मोबाइलवर सगळं आधीच वाचलं होतं. त्यांची एक चूक दाखवणार होते. सोडून दिलं.

२६ फेब्रुवारी
झालं. स्क्रीनवर माझाच गुडघा, मुळ्या फुटल्यासारखा. मग एकेक मुळी दिसेनाशी झाली.

नणंद नागलक्ष्मी बघायला आली. आमच्या अण्णाने उभ्या जन्मात गळका नळ दुरुस्त केला नाही, आणि तू रक्ताचे नळ बंद करून आलीस, म्हणाली. मी हसले नाही.

२ मार्च
दुखतं. आधीपेक्षा जास्त. डॉक्टर म्हणतात, काही आठवडे थांबा. दोन वर्षं मी दुसरं काय करते आहे?

९ मार्च
व्यायाम रोज वीस वेळा. आज तीन झाले. उद्या सदतीस.

१० मार्च
सोमवारपासून.

४ एप्रिल, सकाळी ६
काहीही न धरता उठले. कोणाला बोलले नाही. फक्त ह्यांच्या फोटोला सांगितलं.

१९ एप्रिल
गच्चीपर्यंत चढले! सून सौम्या म्हणते, आई, नदीवर जूननंतर जाऊ या, कारण... कारण मला ठाऊक आहे. उन्हात गाडी काढायचा कंटाळा. वाक्य पुरं करू दिलं नाही.

८ मे
साईराम विचारतो, आपल्या रस्त्यावरचा कालवा बघितलास का? बघितला. कोरडा, आत शेळ्या. कालवा तो कालवा, नदी ती नदी. माझा जन्म तंजावरात गेला, मला कावेरी शिकवतो! ह्यांच्या वेळी खालच्या चार पायऱ्या पाण्यात होत्या. म्हणजे उतरायच्या चौदाच.

२२ मे
चौदा उतरले. कठडा न धरता.

पंधरावी कोरडी. सोळावीही. अठराव्या पायरीपुढे वाळू, एक टायर, शेळ्या.

मेट्टूर धरणाचं पाणी नदीत जूनमध्ये सोडतात, हेच सांगत होतो आई, असं साईराम हळू म्हणाला. वर प्लास्टिकच्या खुर्चीत या वेळी नागलक्ष्मी. तिने ओरडून विचारलं, वहिनी, पाणी गार आहे का?

सौम्याने प्यायच्या पाण्याची बाटली पुढे केली. ओंजळभर वाळूवर सोडलं. हात लावायला खाली वाकेपर्यंत सुकलं. उरलेलं प्यायले.

अठराच्या अठरा चढून वर आले. गुडघा एकदाही दुखला नाही. आज तरी दुखायला हवा होता.